खुणा, दाते आणि दोन फेरे : मोटारइंजिनातील टायमिंग बेल्टच्या जुळवणीचा इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोध, शोधक आणि कारखाना या तिघांना जेवढे स्थान मिळते तेवढे दुरुस्तीला मिळत नाही. एखादे यंत्र प्रथम कोणी बनविले याची नोंद होते. ते उघडून पुन्हा कोणी व कसे बांधले, याची बहुधा होत नाही. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) या ग्रंथात नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवले. तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ नवनिर्मितीचा न राहता वापराचा आणि देखभालीचाही असला पाहिजे, अशी त्यांची मांडणी आहे. प्रस्तुत लेखात या दृष्टीने एका छोट्या कृतीचा विचार केला आहे. मोटारीचे इंजिन खोलून पुन्हा बांधताना टायमिंग बेल्टच्या खुणा बरोबर जुळल्या आहेत किंवा नाहीत हे तपासणे, ही ती कृती होय.

वरवर पाहता ही कृती किरकोळ वाटते. दातेरी चाकांवर कारखान्याने ठिपके किंवा खाचा दिलेल्या असतात. त्या ठरलेल्या जागी आणावयाच्या, चाकांवर रबरी पट्टा चढवावयाचा, पट्ट्याला ताण द्यावयाचा आणि क्रँकशाफ्ट हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहावयाच्या, एवढेच हे काम. अनुभवी मिस्त्रीला या शेवटच्या तपासणीस काही मिनिटे पुरतात. परंतु ही काही मिनिटे वाचवावयास गेल्यास अनेक इंजिनांत पहिल्याच सेल्फला झडपा पिस्टनवर आदळून वाकतात आणि नुकतेच बांधलेले इंजिन पुन्हा खोलावे लागते. ज्या दोषाचे मूळ एका दाताच्या चुकीत असते, त्याची किंमत संपूर्ण सिलिंडर हेड उतरविण्याच्या खर्चाएवढी होते.

ही तपासणी यंत्राला बाहेरून जोडलेली सावधगिरीची सूचना नसून यंत्राच्या रचनेचाच एक भाग आहे, आणि ती तशी १९६० च्या दशकात झाली, असे येथे म्हणावयाचे आहे. गिअर आणि साखळीच्या काळात जी जबाबदारी बऱ्याच अंशी पोलादाने पेलली होती, ती रबरी पट्टा आल्यावर बांधणाऱ्याच्या डोळ्यांवर आणि मनगटावर आली. मोटार स्वस्त झाली, शांत झाली, हलकी झाली. त्या स्वस्ताईचा एक हिस्सा मात्र गॅरेजमधील माणसाच्या दक्षतेतून चुकता झाला.

दोनास एक

निकोलाउस ऑटो यांनी १८७६ मध्ये जर्मनीत चार धावांचे इंजिन यशस्वी करून दाखविले. मिश्रण आत ओढणे, ते दाबणे, त्याचा स्फोट होऊन पिस्टन खाली ढकलला जाणे आणि जळालेला वायू बाहेर टाकणे या चार धावा पुऱ्या होण्यास क्रँकशाफ्टचे दोन फेरे लागतात. प्रत्येक झडप मात्र या चार धावांत एकदाच उघडावयाची असते. म्हणून झडपा उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरला पाहिजे. दोनास एक हे प्रमाण ऑटोपासून आजपर्यंत अबाधित आहे. क्रँकशाफ्ट मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट १,५०० घेतो आणि प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते व मिटते.

केवळ प्रमाण साधले म्हणजे काम झाले असे नाही. दोन घड्याळे सारख्याच गतीने चालत असूनही एक दहा मिनिटे पुढे असू शकते. कॅमशाफ्टचेही तसेच आहे. गती नेमकी निम्मी असूनही त्याचे स्थान पुढे-मागे असू शकते, आणि तसे झाले की झडप अवेळी उघडते. मराठीत पिस्टनला दट्ट्या आणि क्रँकशाफ्टला भुजादंड असे पारिभाषिक शब्द घडविले गेले; गॅरेजात मात्र या सबंध विषयाला ‘टायमिंग’ हाच शब्द रूढ झाला. ‘टायमिंग बसविणे’ या प्रयोगातील ‘बसविणे’ हे क्रियापद विचार करण्याजोगे आहे. वेळ येथे एखाद्या वस्तूसारखी हाताने जागेवर बसवावी लागते.

सुरुवातीच्या इंजिनांत हा प्रश्न फारसा तीव्र नव्हता. गॉटलिब डाइमलर यांच्या १८८५ च्या इंजिनात आत घेणारी झडप पिस्टनच्या ओढीनेच आपोआप उघडत असे. बाहेर टाकणारी झडप तेवढी यंत्राने उघडावी लागे. गती वाढली तशी ही आपमतलबी झडप मागे पडली आणि दोन्ही झडपा कॅमच्या ताब्यात आल्या. टायमिंगचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हापासून सुरू झाला.

गिअर, उभा दंड आणि साखळी

झडपा सिलिंडरच्या माथ्यावर आणि कॅमशाफ्टही त्यांच्या वर असला तर इंजिन अधिक वेगाने फिरू शकते, हे शर्यतीच्या मोटारींनी लवकर दाखवून दिले. १९१२ ची फ्रेंच ग्रां प्री जिंकणाऱ्या प्यूजोच्या मोटारीत माथ्यावर दोन कॅमशाफ्ट होते. परंतु क्रँकशाफ्ट तळाशी आणि कॅमशाफ्ट माथ्यावर असल्यामुळे या दोघांना जोडणारी वाट लांबली. बेंटलेच्या पहिल्या तीन लिटर इंजिनात, म्हणजे १९१९ मध्ये, ही वाट एका उभ्या दंडाने आणि तिरप्या दातांच्या गिअरांनी बांधली होती. व्यवस्था भक्कम होती, पण महाग आणि आवाज करणारी. आवाजाचा त्रास केवढा होता याची कल्पना बेंटलेच्याच १९२६ च्या साडेसहा लिटर इंजिनावरून येते. त्यात गिअर सोडून रेल्वे इंजिनाच्या चाकांना असतात तशा तीन जोडदांड्यांनी कॅमशाफ्ट फिरविला होता. १९४८ च्या जॅग्वार एक्सके इंजिनात दोन टप्प्यांची साखळी आली आणि कॅमशाफ्टचे स्थान ठरविण्यासाठी त्याच्या खाचेत बसणारे खास मापही आले. अशा मोटारी खोलणारे हात मोजकेच होते आणि त्यांच्यापाशी वेळही असे.

सर्वसामान्यांच्या मोटारीने वेगळा मार्ग धरला. कॅमशाफ्ट खाली, क्रँकशाफ्टच्या शेजारीच ठेवावयाचा आणि तेथून उभ्या दांड्यांनी माथ्यावरच्या झडपा ढकलावयाच्या. दोन्ही दंड जवळजवळ असल्यामुळे हातभर लांबीची साखळी पुरे होई. भारतीय वाचकांच्या परिचयाचे उदाहरण अँबॅसिडरच्या १,४८९ घनसेंटिमीटरच्या बी-सिरीज इंजिनाचे आहे. त्यातील दोन दातेरी चाकांवर प्रत्येकी एक ठिपका असे. दोन्ही ठिपके समोरासमोर आणून चाकांच्या मध्यांवरून सरळ पट्टी धरली की दोन मध्य आणि दोन ठिपके एका रेषेत येत. चारही बिंदू एकाच नजरेत मावत असल्यामुळे चूक लपण्यास फारशी जागा उरत नसे.

साखळीचा आणखी एक गुण होता. ती तेलात फिरत असे आणि झिजली की खडखडू लागे. झिजलेल्या साखळीमुळे कॅमशाफ्ट थोडा मागे पडतो, इंजिनाची ओढ कमी होते, पण मोटार चालत राहते. मालकाने कानाडोळा केला तरी साखळी महिनोन्महिने तक्रार करीत राही. दोष असा आधी ऐकू येतो आणि मग घडतो, ही सवलत पुढच्या पिढीला मिळावयाची नव्हती.

शिवणयंत्रातून आलेला पट्टा

दातेरी रबरी पट्ट्याचा जन्म मोटारीसाठी झालेला नाही. अमेरिकेतील एल. एच. गिल्मर कंपनीत रिचर्ड केस यांनी १९४० च्या दशकात तो सिंगर शिवणयंत्रासाठी घडविला. वरची सुई आणि खालचा हुक यांची गाठ नेमक्या क्षणी पडली तरच टाका बसतो. साधा पट्टा चाकावर किंचित घसरतो, ती घसरण साचत जाते आणि टाके सुटू लागतात. पट्ट्याच्या आतील बाजूस दाते दिल्याने घसरण थांबली. गिअरचा काटेकोरपणा आणि पट्ट्याचा मऊपणा एकत्र आला. शिवणयंत्र दुरुस्त करणारे कारागीरही सुई व हुक यांच्या मेळाला ‘टायमिंग’च म्हणतात, हा योगायोग नव्हे; प्रश्न मुळात एकच आहे.

मोटारीत हा पट्टा प्रथम हौशी शर्यतीच्या वाटेने आला. १९५४ च्या डेव्हिन-पानार या अमेरिकी शर्यतीच्या मोटारीत गिल्मरचा पट्टा वापरून माथ्यावरचा कॅमशाफ्ट फिरविला होता. मोठ्या प्रमाणावर विकल्या जाणाऱ्या मोटारीत त्याला स्थान देण्याचे श्रेय मात्र बव्हेरियातील डिंगोल्फिंग या लहान गावच्या हान्स ग्लास कंपनीकडे जाते. ही कंपनी मूळची शेतीची अवजारे बनविणारी. दुसऱ्या महायुद्धानंतर ती स्कूटरकडे आणि १९५५ पासून गोगोमोबिल या चिमुकल्या मोटारीकडे वळली. तिची ग्लास १००४ ही मोटार १९६१ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात मांडली गेली आणि १९६२ पासून विकली जाऊ लागली. तिच्या ९९२ घनसेंटिमीटर इंजिनाचा कॅमशाफ्ट माथ्यावर होता आणि तो रबरी पट्ट्याने फिरत होता.

मोठ्या, प्रतिष्ठित कंपन्या बिचकत असताना हे धाडस एका छोट्या कंपनीने का करावे? पट्ट्याला तेल लागत नाही, त्यामुळे तेलबंद पेटी ओतावी लागत नाही. लांब साखळीची ठेचकाळती फडफड नसते. आवाज कमी होतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खर्च घटतो. महागड्या इंजिनाचा गुण स्वस्त इंजिनाला देण्याची ही युक्ती होती. ग्लासला तिचे फळ फार काळ चाखता आले नाही. १९६६ मध्ये ही कंपनी बीएमडब्ल्यूने घेतली. पण त्याच वर्षी अमेरिकेत पाँटिअॅकने सहा सिलिंडरच्या इंजिनात काचतंतूंनी बळकट केलेला पट्टा बसविला आणि इटलीत फियाटने १२४ स्पोर्टसाठी दोन कॅमशाफ्टचे इंजिन आणले. फियाटच्या इंजिनाचे रचनाकार आउरेलिओ लांप्रेदी पूर्वी फेरारीत होते. दोन कॅमशाफ्ट ही तोवर श्रीमंतांच्या आणि शर्यतवाल्यांच्या मोटारींची मिरास होती. पट्ट्याने ती मध्यमवर्गीयांच्या दारात आणून उभी केली. लांप्रेदींच्या या इंजिनकुळातूनच पुढे लॅन्शिया डेल्टा इंटेग्रालेसारख्या रॅलीच्या मोटारी निघाल्या.

१९७२ मध्ये आउडी ८० बरोबर आलेले आणि १९७४ पासून फोक्सवागन गोल्फमध्ये घरोघरी पोचलेले इंजिनही पट्ट्याचेच होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर लहान, हलक्या, पुढील चाकांना गती देणाऱ्या मोटारींची लाट आली. त्यांत इंजिन आडवे बसविले जाऊ लागले. इतिहासकारांनी या आडव्या इंजिनाची चर्चा जागेची बचत म्हणून केली आहे. मिस्त्रीच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा होता. उभ्या इंजिनाचे तोंड रेडिएटरकडे असे. रेडिएटर काढला की समोरून सरळ पाहता येई. आडव्या इंजिनाचे तोंड चाकाकडे आणि मडगार्डच्या पत्र्याकडे वळले. खुणा आता चाक उतरवून, वाकून, तिरप्या नजरेने, प्रसंगी आरशात पाहाव्या लागू लागल्या. तिरप्या नजरेला एका दाताची चूक सहज बरोबर भासते.

एका दाताचे गणित

ही चूक नेमकी केवढी, हे आकड्यांत पाहणे उपयुक्त ठरेल. समजा, क्रँकशाफ्टच्या चाकाला २० आणि कॅमशाफ्टच्या चाकाला ४० दाते आहेत. पट्टा एक दात पुढे बसला तर कॅमशाफ्ट ९ अंशांनी आणि क्रँकशाफ्टच्या हिशेबात १८ अंशांनी चुकतो. झडपांच्या उघडझापीचे कोष्टक अंशाअंशाने ठरविलेले असते. १८ अंश म्हणजे फार झाले. इंजिन कदाचित सुरू होईल, पण ओढणार नाही, तापेल, जागेवर थरथरेल. दोन-तीन दातांची चूक झाली तर काही इंजिनांत पिस्टन वर येताना उघडी झडप त्याच्या वाटेत सापडते.

येथे इंजिनांचे दोन वर्ग पडतात. पिस्टन अगदी वर आला आणि झडप पूर्ण उघडी असली तरी दोघांमध्ये अंतर राहावे अशी काही इंजिनांची रचना असते. इतरांत पिस्टन व झडप एकच जागा आळीपाळीने वापरतात. दोघे एकाच वेळी तेथे आले की धडक ठरलेली. अधिक दाब आणि चांगले ज्वलन मिळविण्यासाठी रचनाकार दुसऱ्या वर्गाकडे झुकत गेले. डिझेल इंजिनांत तर हवा दाबावयाची जागाच इतकी अरुंद असते की बहुतेक सर्व डिझेल इंजिने याच वर्गात मोडतात. पट्टा तुटल्यास किंवा चुकीचा बसल्यास काय होईल हे इंजिन कोणत्या वर्गातील आहे यावर ठरते, आणि बाहेरून पाहून हा वर्ग ओळखता येत नाही.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. वर उल्लेखिलेल्या आउडी-फोक्सवागनच्या इंजिनात तीन खुणा जुळवाव्या लागत. पहिला सिलिंडर माथ्यावर असल्याची खूण फ्लायव्हीलवर असे आणि ती गिअरबॉक्सच्या खिडकीतून दिसे. दुसरा ठिपका कॅमशाफ्टच्या चाकाच्या मागील बाजूस असून तो सिलिंडर हेडच्या वरच्या कडेशी आणावा लागे. तिसरा ठिपका डिस्ट्रिब्यूटर फिरविणाऱ्या मधल्या दंडाच्या चाकावर असे आणि तो क्रँकशाफ्टच्या पुलीवरील खाचेशी जुळवावा लागे. तीन खुणा, तीन दिशा, तीन वेगळ्या नजरा. अँबॅसिडरच्या एका सरळ पट्टीत मावणारे काम येथे असे विखुरले. ताण तपासण्याची रीत मात्र विलक्षण साधी होती. पट्ट्याचा लांब भाग अंगठा व तर्जनीने धरून पिळावयाचा. तो काटकोनाएवढा पिळला गेला की ताण योग्य. कारखान्याने मान्य केलेल्या मापनपद्धतीत माणसाच्या दोन बोटांना असे स्थान मिळावे, ही गोष्ट यंत्रयुगाच्या इतिहासात सहसा आढळत नाही.

फियाटच्या दोन कॅमशाफ्टच्या इंजिनात तर दुय्यम दंडाकडे झालेले दुर्लक्षही महागात पडू शके. तेलपंप फिरविणाऱ्या या दंडावर इंधनपंपासाठी एक उंचवटा असे. दंड अवेळी बसविल्यास हा उंचवटा फिरत्या कनेक्टिंग रॉडच्या वाटेत येऊ शकत असे. कॅमशाफ्टशी त्याचा संबंध नाही म्हणून त्याची खूण पाहण्याची गरज नाही, असा तर्क करणारा मिस्त्री तर्कात चुकत नव्हता. त्याला इंजिनाच्या पोटातील एक गोष्ट ठाऊक नव्हती इतकेच.

पट्टा चढविण्याचा क्रमही अनुभवातूनच ठरत गेला. क्रँकशाफ्टच्या चाकापासून सुरुवात करून टेन्शनर नसलेल्या बाजूने पट्टा ताठ ठेवीत वर न्यावयाचा, म्हणजे सगळी ढिलाई टेन्शनरच्या बाजूस गोळा होते. ढिलाई दुसऱ्या बाजूस राहिली तर खुणा जुळलेल्या दिसतात, पण इंजिन फिरू लागताच कॅमशाफ्ट अर्धा-एक दात सरकतो. उभ्या अवस्थेतील खुणा म्हणूनच पुरेसा पुरावा ठरत नाहीत. स्पार्क प्लग काढून, क्रँकशाफ्टच्या बोल्टला पाना लावून, इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने सावकाश दोन फेरे फिरवावे लागते. दोनच का? कॅमशाफ्टचा एक पूर्ण फेरा क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत होतो आणि तेवढ्यात प्रत्येक झडप एकदा उघडून मिटते. फिरविताना कोठे अडले तर जोर लावावयाचा नाही. ते अडणे म्हणजे झडप आणि पिस्टन यांची गाठ पडल्याची सूचना असते. मनगटाच्या जोराने स्पर्श कळतो, सेल्फच्या जोराने तोच स्पर्श आघात होतो. बहुतेक इंजिने समोरून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात, परंतु होंडाची जुनी अनेक इंजिने उलट दिशेने फिरत. दिशेचा हा तपशील पुस्तिकेत एका ओळीत असतो आणि ती ओळ वाचावयाची राहून जाते.

दोन फेऱ्यांनंतर नवशिक्याला हमखास गोंधळात टाकणारी एक गोष्ट घडते. चाकांवरील खुणा जुळतात, पण नव्या पट्ट्यावर छापलेल्या रेषा भलतीकडेच गेलेल्या असतात. समजा, पट्ट्याला १२१ दाते आणि कॅमच्या चाकाला ४० आहेत. तर पट्ट्यावरील रेषा आणि चाकावरील खूण पुन्हा एकत्र येण्यास कॅमशाफ्टचे १२१, म्हणजे क्रँकशाफ्टचे २४२ फेरे व्हावे लागतात. पट्ट्यावरील रेषा केवळ चढविण्याच्या क्षणापुरत्या असतात. त्यानंतर पुरावा म्हणून चाकांवरील खुणाच ग्राह्य धरावयाच्या. हे ठाऊक नसल्याने बरोबर बसलेला पट्टा उतरवून चुकीचा बसविला जाणे अशक्य नाही.

कुर्ला ते गुडगाव

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध मुख्यतः कुर्ल्याच्या मार्गाने येतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० आणि पुढे तिचेच रूप असलेली प्रीमियर पद्मिनी तयार होत असे. १,०८९ घनसेंटिमीटरचे तिचे इंजिन दांड्या ढकलणारे आणि साखळीचे होते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे हे इंजिन खोलणारे आणि बांधणारे हात शहरात हजारोंनी तयार झाले. १९५० मध्ये सुरू झालेली कारागीर प्रशिक्षण योजना आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा यांमुळे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकलेले मेकॅनिकही आले. पण बहुसंख्यांचे शिक्षण मिस्त्रीच्या हाताखाली पोऱ्या म्हणून पाने देता देताच झाले. साखळीची सर्व सवलत त्या शिक्षणात गृहीत होती.

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाला देण्यात आली. गुडगावच्या कारखान्यातील या मोटारीच्या ७९६ घनसेंटिमीटर, तीन सिलिंडरच्या सुझुकी इंजिनात माथ्यावर कॅमशाफ्ट आणि रबरी पट्टा होता. शिवाय इंजिन आडवे. युरोपला ग्लासपासून गोल्फपर्यंत बारा वर्षांत झालेला बदल भारतीय गॅरेजच्या वाट्याला एका मोटारीतून एकदम आला. कुर्ल्याच्या कारखान्यानेही पुढे तीच वाट धरली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे फियाट उनो तयार होऊ लागली आणि तिचे पेट्रोल इंजिन पट्ट्याचे होते.

या संक्रमणाची लिखित साधने तुटपुंजी आहेत. कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तिका इंग्रजीत होत्या आणि त्या अधिकृत सेवाकेंद्रांसाठी होत्या. रस्त्याकडेच्या गॅरेजपर्यंत ज्ञान तोंडी पोचले. अशा वेळी मिस्त्रींनी आपल्या खुणा आपणच निर्माण केल्या. जुना पट्टा उतरविण्यापूर्वी पट्टा आणि चाके यांवर खडूने किंवा पांढऱ्या रंगाने रेघ ओढावयाची, दोन रेघांमधील दाते मोजावयाचे आणि तेवढेच दाते मोजून नव्या पट्ट्यावर रेघा उतरवावयाच्या, ही रीत सर्वत्र आढळते. ती चतुर आहे आणि बहुधा यशस्वीही होते. परंतु जुना पट्टाच आधीच्या कोणी एक दात चुकवून बसविलेला असेल तर ती चूक इमानेइतबारे नव्या पट्ट्यावर उतरते. हस्तलिखितांच्या परंपरेत लेखनिकाचा प्रमाद याच रीतीने पोथीतून पोथीत जातो. शके १५०६ मध्ये एकनाथांना ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी करावी लागली ती अशाच साचलेल्या पाठभेदांमुळे. मूळ प्रतीशी ताडून पाहणे हाच दोन्हीकडे उपाय असतो. इंजिनाच्या बाबतीत मूळ प्रत म्हणजे कारखान्याने चाकावर आणि हेडवर कोरलेली खूण.

पट्टा बिनसला की दोष बांधणाऱ्याच्या माथी मारण्याची रीत सगळीकडेच आहे. ती पुष्कळदा न्याय्यही असते. तथापि साखळीसारखा पूर्वसूचना न देणारा, तेल किंवा पाणी लागले की खराब होणारा आणि ठराविक अंतरानंतर बदलावाच लागणारा भाग निवडण्याचा निर्णय मिस्त्रीचा नव्हता. पट्ट्याच्या रबरात सुधारणा होत गेल्या. १९७० च्या दशकात दातांचा आकार समलंबाऐवजी गोलसर झाला, १९८० च्या दशकात उष्णता अधिक सोसणारे रबर आले. या सुधारणांनी पट्ट्याचे आयुष्य वाढविले. जुळवणीतील चुकीला मात्र त्यांनी कोणतीही माफी दिली नाही. उलट पट्टा क्वचितच बदलावा लागू लागल्याने मिस्त्रीचा सरावही कमी झाला.

मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदली गेलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सेवेतून बाद झाली. मारुती ८०० चे उत्पादन त्याआधीच, जानेवारी २०१४ मध्ये थांबले होते.

खुणेची जागा खिळ्याने घेतली तेव्हा

विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक कंपन्यांनी चाकावरील खुणेवरचा भरवसा कमी केला. कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्ट नेमक्या स्थितीत जखडून ठेवणारे खिळे आणि पट्ट्या त्यांनी आणल्या. काही इंजिनांत तर चाक कॅमशाफ्टवर खाचेने न बसता केवळ बोल्टच्या दाबाने घट्ट होते; अशा वेळी चाकावरील खुणेला अर्थच उरत नाही. अचूकता वाढली, पण तिची किल्ली एका खास अवजारात गेली आणि ते अवजार एका इंजिनकुळापलीकडे निरुपयोगी ठरते. लहान गॅरेजला परवडणारी सरळ पट्टी आणि खडू येथे कामास येत नाहीत. ज्ञानाची मालकी कोणाकडे, हा प्रश्न अवजारांच्या यादीतूनही विचारता येतो. त्यासाठी पेटंटांचे दफ्तरच चाळले पाहिजे असे नाही.

एकविसाव्या शतकात साखळी परतली. मारुतीच्या २००८ पासूनच्या के-मालिकेतील इंजिनांत ती आहे. आजच्या साखळ्या अँबॅसिडरच्या साखळीपेक्षा लांब आणि नाजूक असून तेल वेळेवर न बदलल्यास त्या लवकर ढिल्या होतात. ‘साखळी म्हणजे कायमची निश्चिंती’ ही समजूत म्हणून फसवी आहे. दुसरीकडे घर्षण कमी करण्यासाठी तेलातच फिरणारे पट्टेही निघाले. त्यांपैकी काहींत पट्ट्याचे रबर झडून त्याचे कण तेलपंपाच्या जाळीत अडकू लागल्याने पट्टा तुटण्यापूर्वीच इंजिनाला तेल कमी पडण्याचा नवा धोका उद्भवला.

खिळ्यांनी जखडलेल्या इंजिनाची बांधणीही खिळे काढल्यावर संपत नाही. पट्टा किंवा साखळी ताणून झाली की खिळे बाहेर काढावयाचे, क्रँकशाफ्ट पान्याने सावकाश दोन फेरे फिरवावयाचा आणि तेच खिळे त्याच छिद्रांत पुन्हा घालून पाहावयाचे. ते बोटाच्या दाबाने आत गेले तर जुळवणी बरोबर. हातोडीची गरज भासली तर पट्टा उतरवून पहिल्यापासून सुरुवात करावयाची.